सोलापुरात हरवलेलं लायसन परत काढताना, आणि तोवर ब्रिटनच्या लायसनवर गाडी चालवताना

परदेशात राहणारा सोलापूरकर गावी येतो तेव्हा त्याच्याकडे बहुधा दोन लायसन असतात, एक एमएच-१३ चं, म्हणजे सोलापूर आरटीओचं, आणि एक तिकडचं. दोन्हींवर फोटो तोच असला तरी दोन्हींवर चालवता येणारी वाहनं वेगळी असू शकतात, आणि हरवल्यावर ठोठावायची दारं तर नक्कीच वेगळी. यंदा जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी आलो आणि दोन्ही बाजूंचा अनुभव एकाच मुक्कामात आला. पुढच्या सुट्टीत येणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितो आहे.

मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने आलो. सकाळी सोलापूर स्टेशनवर उतरल्यावर पाकीट नाही हे लक्षात आलं. त्यात भारतातलं लायसन, एक बँकेचं कार्ड आणि थोडे पैसे होते. ब्रिटनचं लायसन आणि आंतरराष्ट्रीय परवाना मात्र पासपोर्टबरोबर वेगळ्या पिशवीत होता, त्यामुळे आई-बाबांना घेऊन फिरायचं ठरलं होतं ते काही अडलं नाही. दोन लायसन एका पाकिटात ठेवू नका, हे सगळ्यात आधी सांगतो.

पाकीट रेल्वेत गेलं असेल तर तक्रार लोहमार्ग पोलिसांकडे. मी आधी घरी जाऊन जुळे सोलापूरजवळच्या ठाण्यात गेलो होतो. तिथल्या हवालदारांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाडीत गेलं ना सर, मग स्टेशनला लोहमार्गला जावा की, तिथलाच दाखला चांगला पडतो." चोरी झाल्याची खात्री असेल तर गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तशी स्पष्ट तरतूद आहे. माझं पाकीट चोरलं की पडलं हे मला सांगता येत नव्हतं, म्हणून गहाळ झाल्याचा दाखला घेतला. दाखल्यात लायसनचा पूर्ण नंबर लिहून घ्या. 'पाकीट व कागदपत्रे गहाळ' एवढंच लिहिलेला कागद पुढे आरटीओत उपयोगी पडत नाही. शिक्का आणि तारीख तिथेच उभं राहून तपासा. यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, होम मैदानावरची गर्दी असा सगळा बंदोबस्त असतो, तेव्हा ठाण्यात सकाळी लवकर गेलेलं बरं.

नंबरच आठवत नसेल तर? फोनमधला जुना फोटो, विम्याच्या कागदांबरोबर जोडलेली झेरॉक्स, कुठेतरी पाठवलेला ईमेल, सगळं धुंडाळा. नंबरची रचना माहीत असली की अर्धवट दिसणाऱ्या झेरॉक्सवरूनही तो लागतो. आधी राज्य आणि कार्यालय म्हणजे एमएच-१३, मग लायसन दिल्याचं चार आकडी वर्ष, मग सात आकडे. नव्या कार्डावरही नंबर तोच राहतो आणि मुदतही तीच राहते. आपल्या हातातलं कार्ड गेलेलं असतं, नोंद सरकारदरबारी असतेच. पण ज्यांचं लायसन पुस्तिकेच्या जमान्यातलं आहे आणि नंतर कधीच नूतनीकरण झालेलं नाही, त्यांची नोंद संगणकावर नसू शकते. मग आधी आरटीओत जाऊन जुन्या रजिस्टरवरून ती चढवून घ्यावी लागते. त्याला 'बॅकलॉग एंट्री' म्हणतात. हे काम सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.

अर्ज ऑनलाइन, परिवहन खात्याच्या 'सारथी' संकेतस्थळावर. राज्य महाराष्ट्र निवडायचं, लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकायची, समोर आपली नोंद उघडते. मग सेवांची यादी येते, त्यात डुप्लिकेटवर खूण करायची. एकाच अर्जात एकापेक्षा जास्त सेवा घेता येतात, ही फार सोयीची गोष्ट आहे. लायसनची मुदत वर्षभरात संपणार असेल तर नूतनीकरणावरही तिथेच खूण करा, कारण मुदत संपायच्या आधी एक वर्षापर्यंत ते करता येतं. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि वर्षाआड गावी येणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे सहज घडतं. नूतनीकरण असेल आणि चाळिशी उलटली असेल तर डॉक्टरचं प्रमाणपत्र, नमुना १अ, तेही लागतं.

२०२१ पासून डुप्लिकेट लायसन आधार पडताळणीवर, कार्यालयात न जाता काढता येतं. परदेशातून येणाऱ्यांची गाडी अडते ती इथेच. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो, आणि तो नंबर बहुतेकांचा परदेशी गेल्यावर बंद पडतो. माझं भारतातलं सिम मी किमान रिचार्जवर चालू ठेवतो, म्हणून ओटीपी आला. ज्यांचा नंबर बंद आहे त्यांनी गावी पोचताच आधार केंद्रावर जाऊन नवा जोडून घ्यावा. घरच्यांपैकी कुणाचा तरी नंबर जोडू नका, कारण मग दर वेळी ओटीपीसाठी मध्यरात्री सोलापूरला फोन करावा लागतो आणि आई झोपेतून उठून चष्मा शोधत आकडे वाचते. आमच्या शेजारच्या काकूंकडे हे वर्षानुवर्षं चालू आहे.

ओटीपी आला तरी माझं काम तेवढ्याने झालं नाही. आरटीओच्या जुन्या नोंदीत आडनाव आधी आणि वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, आधारवर नाव-वडिलांचं नाव-आडनाव असं पूर्ण. दोन्ही जुळेनात, डिजिलॉकर या सरकारी कागदपत्रांच्या अ‍ॅपमध्येही लायसन उतरेना. आपल्याकडे ही तफावत घरोघरी सापडते. म्हणून आधारचा मार्ग सोडून साधा अर्ज केला, डुप्लिकेटबरोबर नावातल्या बदलाचीही सेवा निवडली, पुरावा म्हणून पासपोर्ट आणि गहाळ दाखला जोडला, शुल्क यूपीआयने भरलं आणि पावती छापून विजापूर रोडवरच्या आरटीओ कार्यालयात गेलो.

तिथे मूळ पासपोर्ट, दाखला, पत्त्याचा पुरावा आणि सगळ्यांच्या झेरॉक्स लागतात. रांगेत मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही एका वेळी कानावर पडत होत्या. पुढचे आजोबा खिडकीवर कन्नडात बोलत होते आणि मागे वळून मला मराठीत विचारत होते, "फोटो इथंच काढतेत का?" मला ते फार आपलंसं वाटलं. कागद नीट लावलेले असले की काम लवकर उरकतं. मध्यस्थाची गरज नाही, हे मी ठामपणे सांगतो. अर्ज क्रमांक आपल्या हातात असतो, अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे ते सारथीवर दिसतं. पैसे द्यायचे ते ऑनलाइन शुल्क.

कार्ड स्पीड पोस्टाने घरी येतं. त्यामुळे पत्ता असा द्या जिथे दिवसा कुणीतरी असतं. आई-बाबा गावाला गेले आणि दाराला कुलूप दिसलं तर कार्ड परत जातं, मग त्याच्या मागे पुन्हा खेटे.

आता दुसरं लायसन. ब्रिटनचं लायसन एकटं भारतात पुरत नाही, सोबत आंतरराष्ट्रीय परवाना हवा, आणि तो १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचाच हवा. ब्रिटनमध्ये १९६८ च्या कराराचाही परवाना मिळतो आणि त्याची मुदत तीन वर्षं असते म्हणून लोकांना तो बरा वाटतो, पण भारतासाठी तो चालत नाही. १९४९ चा एक वर्ष चालतो. एप्रिल २०२४ पासून हे परवाने पोस्टात मिळत नाहीत, पेपॉइंटची सोय असलेल्या दुकानांत मिळतात. शुल्क साडेपाच पौंड, लायसन आणि एक फोटो घेऊन जायचं. ज्या देशाचं लायसन त्याच देशात तो मिळतो, सोलापुरात आल्यावर काढता येत नाही. ब्रिटनचं लायसनच हरवलं तर नव्या कार्डाचा अर्ज ऑनलाइन, २० पौंड.

परवाना म्हणजे लायसन नव्हे, दोन्ही एकत्र दाखवायचे असतात. आणि त्यावर ज्या वर्गावर शिक्का आहे तेवढंच वाहन चालवता येतं. गावी येणाऱ्या बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं, म्हणून पुन्हा सांगतो: ब्रिटनमधल्या कारच्या लायसनवर बाबांची अ‍ॅक्टिवा चालवता येत नाही. तिथे मोटरसायकलचा वर्ग निराळा, आणि कारबरोबर मिळणारी मुभा ५० सीसीच्या मोपेडपर्यंतच. तिथलं लायसन फक्त ऑटोमॅटिकचं असेल तर इथली गिअरची गाडीही चालवू नये. माझ्या भारतीय लायसनवर दुचाकी होती, पण नाव दुरुस्त होऊन ते डिजिलॉकरमध्ये दिसेपर्यंत मी स्कूटरला हात लावला नाही. भाजी आणायला रिक्षाने गेलो.

लायसन नसणं आणि लायसन जवळ नसणं हे कायद्याने वेगळं आहे. विनालायसन चालवण्याचा दंड ५००० रुपये आहे, पण दंडापेक्षा मला विम्याची काळजी जास्त वाटते. अपघात झाला आणि चालकाकडे त्या वाहनाचं वैध लायसन नव्हतं असं निघालं, तर विमा कंपनी भरपाईची रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. गाडी बाबांच्या नावावर आहे, म्हणजे ओझं त्यांच्यावर. डिजिलॉकर किंवा परिवहन खात्याच्या एमपरिवहन अ‍ॅपमधलं लायसन २०१८ पासून मूळ कार्डाइतकंच ग्राह्य आहे, स्क्रीनशॉट मात्र धरत नाहीत.

आम्ही अक्कलकोटला गेलो, तुळजापूरला गेलो, मोहोळमार्गे पंढरपूरलाही. पंढरपूरच्या रस्त्यावर एकदा गाडी थांबवली. हवालदारांनी आंतरराष्ट्रीय परवान्याची ती करड्या रंगाची पुस्तिका कधी पाहिली नव्हती. मी आधी ब्रिटनचं लायसन दिलं, मग पुस्तिकेचं फोटो आणि शिक्क्याचं पान उघडून दिलं, पासपोर्टवरची आल्याची तारीख दाखवली. त्यांनी साहेबांना विचारलं आणि जाऊ दिलं. कागद हातात देताना योग्य पान उघडून द्या आणि शांतपणे सांगा, एवढ्याने काम होतं.

ब्रिटनमधून येणाऱ्याला डाव्या बाजूची सवय असतेच. सांभाळायचं ते उसाच्या ट्रॉल्यांना. जानेवारी म्हणजे गाळपाचा हंगाम, आणि सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने इतके की संध्याकाळी प्रत्येक रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. कित्येकांना मागे दिवा नसतो. ऊस बाहेर आलेला असतो, रुंदीचा अंदाज येत नाही. बाहेरगावी गेलात तर अंधार पडायच्या आत परत फिरा. मी आई-बाबा सोबत असताना हा नियम एकदाही मोडला नाही.

कायमचे परत येणार असाल तर परवान्यावर दिवस काढू नका, भारतीय लायसन काढा. मोटार वाहन कायद्याच्या ९ व्या कलमात परदेशी लायसनधारकाला त्याच वर्गाच्या वाहनासाठी चाचणीतून सूट देण्याची तरतूद आहे. जाताना मूळ परदेशी लायसन आणि वैद्यकीय प्रमाणपत्र न्या.

आणि इथून तिकडे शिकायला निघालेल्यांसाठी. माझा मावसभाऊ याच वर्षी जातो आहे, त्यालाही हेच सांगितलं. भारतीय लायसनवर ब्रिटनमध्ये रहिवासी झाल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते, त्यानंतर तिथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. ज्या देशात आंतरराष्ट्रीय परवाना मागतात तिथे जायचं असेल तर तोही सारथीवरूनच, नमुना ४अ, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष, पण आपलं लायसन त्याआधी संपत असेल तर परवानाही तेव्हाच संपतो. म्हणून आधी लायसनची तारीख बघा, नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या आणि मगच परवान्याचा अर्ज भरा.