माघात मोगऱ्याची छाटणी

आज दिवसभर मोबाईलवर फुलांचे फोटो येतायत. शेवंतीचा शेवटचा बहर, पिटुनिया, कुणाच्या गच्चीवरचा जरबेरा. साताऱ्यात पहाटे अजून गारवा आहे, पळसाला नुकत्या कळ्या दिसतायत. फोटो बघत बसायला मजा येते, पण मोगऱ्याचं खरं काम याच दिवसांत असतं!

मोगऱ्याला फूल नव्या फुटीवर येतं. म्हणून आधी आठवडाभर पाणी तोडायचं. मग सुकलेल्या, काडीसारख्या फांद्या मुळाशी आणि बाकीच्या एक तृतीयांश कापायच्या. जुनी पानं हातानं खुडायची. वरची दोन इंच माती उकरून, बारा इंची कुंडीला दोन ओंजळी शेणखत आणि एक मूठ हाडांचा चुरा, आणि मगच भरपूर पाणी. साधारण दीड-दोन महिन्यांत कळ्या.

पानं हिरवीगार आणि कळीच नाही, तर बहुतेक वेळा युरिया जास्त झालेला असतो, नाहीतर ऊन सहा तासांपेक्षा कमी. सांगलीकरांनी नदीकाठची काळी माती नुसती वापरू नये. पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात. निम्मी वाळू आणि शेणखत घाला. कळी जांभळट पडली की आत अळी असू शकते, ती तोडून नष्ट करायची.

आणि पांढऱ्या फुलाचा फोटो भर उन्हात काढू नका, पाकळ्या नुसत्या चुन्यासारख्या दिसतात. सकाळी आठच्या आत काढा, मोबाईलच्या स्क्रीनवर फुलावर बोट टेकवून उजेड थोडा कमी करा. छाटलेल्या झाडाचेही फोटो टाका, कुठे कापलंय ते नीट दिसू दे.