इंजिनाला कशाला शिव्या?

"इंजिनाला कशाला शिव्या देताय मालक? दात मोजा की."

निपाणीच्या गॅरेजात मेस्त्रीनं भावजींच्या जुन्या एसयूव्हीचं मागचं हौसिंग, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरांचं कवच, उघडलं होतं. ट्रेलरवर पॉवर टिलर टाकला की तवंदी घाटात गाडी जीव टाकते, म्हणून भावजी थेट इंजिन बदलायच्या गोष्टी करत होते.

मेस्त्रीनं चिंधीनं तेल पुसलं, क्राऊनच्या, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या मोठ्या दातेरी चक्राच्या, एका दातावर खडूची खूण केली आणि बोट फिरवत मोजलं. क्राऊनला ४१, त्याला फिरवणाऱ्या छोट्या पिनियनला ११. भागाकार ३.७३, हाच मागचा रेशो. चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे जवळपास पावणेचार फेरे. हाच सेट ३९-८ चा असता तर ४.८८, त्याच इंजिनातून चाकाला तीसेक टक्के जास्त ओढ. फुकट नाही हं! हायवेला त्याच वेगात इंजिनही तितकंच जास्त फिरणार.

त्यात आधीच्या मालकानं हौसेनं २८ ऐवजी ३१ इंची टायर चढवलेले. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, म्हणून ३.७३ चा परिणाम उतरला ३.३७ वर. दिसायला रुबाब, ओढायला बोंब. शिवाय स्पीडोमीटर कमी दाखवणार ते वेगळंच.

गाडी फोर बाय फोर, म्हणजे पुढच्या चाकांनाही ओढ देणारी, त्यामुळे सेट बदलायचा तर पुढचाही त्याच रेशोचा हवा. खर्च डबल. मेस्त्री म्हणाला, आधी मूळ मापाचे टायर घाला, मग बघू.

जुनी गाडी बघायला गेलं की आपण सीसी विचारतो, मायलेज विचारतो, टेप वाजतो का तेही बघतो. मागचा रेशो किती, असं विचारणारं गिऱ्हाईक कुणी पाहिलंय का?