तुम्ही विचारलंत म्हणून: खपला नाही, मग एवढं कौतुक कशाचं?

माझ्या खोलीत एक काळं-पांढरं छायाचित्र लावलेलं आहे. विटांच्या भिंतीपुढे चार किडकिडीत पोरं, चामड्याची जाकिटं, गुडघ्यावर फाटलेल्या जीन्स. येणारा-जाणारा विचारतो, हे कोण? मी सांगतो, रमोन्स. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधला बँड. हे त्यांच्या पहिल्या अल्बमचं कव्हर, १९७६चं. पंक रॉकची, म्हणजे वेगवान, खरखरीत, आटोपशीर रॉकची, सुरुवात बरेच जण इथूनच मोजतात. पुढचा प्रश्न ठरलेला: "खूप खपला असेल, नाही?" अजिबात नाही, म्हटलं की लगेच, "मग एवढं कौतुक कशाचं?"

गेल्या आठवड्यात भाच्यानेही हेच विचारलं. त्याच्या अंगात फर्ग्युसन रस्त्यावर घेतलेला रमोन्सचाच टी-शर्ट होता. तो कपड्यांचा ब्रँड आहे अशी त्याची समजूत होती. म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो.

आधी माझी फजिती. कॉलेजात असताना हा अल्बम मला कॅसेटवर भरून मिळाला. वॉकमन होता, पण हेडफोनची उजवी बाजू मेलेली. सहा महिने मी तसाच ऐकला आणि मित्रांना छातीठोकपणे सांगत राहिलो की पंकमध्ये गिटार नसतं, नुसता बेस असतो. झालं होतं असं की ह्या रेकॉर्डमध्ये बेस डावीकडे आणि गिटार उजवीकडे, अशी सरळ फाळणी केलेली आहे. साठच्या दशकातल्या बीटल्सच्या स्टीरिओ रेकॉर्डसारखी. ज्या दिवशी नवा हेडफोन आणला त्या दिवशी उजव्या कानात जे काही शिरलं, ते अजून बाहेर पडलेलं नाही.

आणि ही फाळणी कुणाच्या वेंधळेपणाने झालेली नव्हती. "त्यांना वाजवताच येत नव्हतं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही, समोरच्याच्या हातात गिटार देतो. जॉनी रमोन सगळे फटके वरून खालीच मारायचा, खालून वर हात नाहीच, आणि तेही त्या वेगात. करून बघा. दुसरं गाणं संपायच्या आत माझं मनगट आखडलं होतं. ड्रमवरचा टॉमी, बुडापेस्टमध्ये जन्मलेला टमाश एर्देयी, पूर्वी रेकॉर्डिंग इंजिनिअर होता आणि क्रेग लिऑनबरोबर ह्या अल्बमच्या निर्मितीत त्याचाही हात होता. काय करतोय हे त्याला नीट ठाऊक होतं.

रेकॉर्डिंग १९७६च्या फेब्रुवारीत झालं, रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीतल्या प्लाझा साउंड स्टुडिओत. खर्च सुमारे ६,४०० डॉलर. त्या काळी मोठे बँड एकेका अल्बमवर लाखांनी उधळत होते. चौदा गाणी, सगळी मिळून एकोणतीस मिनिटं. स्वारगेटहून बसने डेक्कनला पोचेपर्यंत, वाहतूक मेहरबान असेल तर, कॅसेट जवळजवळ संपायची. कव्हरचीही तीच तऱ्हा. कंपनीने पैसे मोजून काढून घेतलेले फोटो कुणालाच पसंत पडले नाहीत. शेवटी 'पंक' मासिकासाठी रॉबर्टा बेलीने काढलेला एक फोटो १२५ डॉलरला घेतला. माझ्या भिंतीवर आहे तो हाच.

आता खपाचं. २३ एप्रिल १९७६ रोजी सायर रेकॉर्ड्सने अल्बम काढला. बिलबोर्ड मासिकाच्या अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत तो १११व्या क्रमांकापर्यंत पोचला आणि तिथेच दमला. दोन गाणी सिंगल म्हणून, म्हणजे सुटी, काढली, एकही यादीत आलं नाही. पण "काळाच्या पुढचा, कुणाला कळलाच नाही" ही जी लाडकी गोष्ट सांगतात ती मला पटत नाही. समीक्षकांना तो लगेच कळला होता. 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये रॉबर्ट क्रिस्टगाऊने आणि 'रोलिंग स्टोन'मध्ये पॉल नेल्सनने त्याच वर्षी त्याची तारीफ केली. अडलं ते रेडिओपाशी. ईगल्स आणि पीटर फ्रॅम्प्टन ऐकणाऱ्या श्रोत्यांना मध्येच गोंद हुंगण्यावरचं दीड मिनिटाचं गाणं कोण ऐकवणार?

शिवाय काही गाणी खरोखरच अडचणीची आहेत. शेवटच्या गाण्यातल्या नाझी उल्लेखांवर सायरचा मालक सीमूर स्टाइन ह्यानेच हरकत घेतली होती. स्टाइन ज्यू, बँडमधले जोई आणि टॉमीही ज्यू. ती थट्टा आहे हे मला समजतं, तरी ते गाणं लागलं की माझा हात आवाज कमी करायला जातो.

खरी दाद समुद्रापलीकडे मिळाली. ४ जुलै १९७६, अमेरिकेच्या स्वातंत्र्याची बरोबर दोनशे वर्षं, आणि रमोन्स लंडनच्या राउंडहाउसमध्ये वाजवत होते. घरच्या सीबीजीबी नावाच्या अरुंद बारच्या कितीतरी पट गर्दी. त्या रात्री सेक्स पिस्टल्स आणि क्लॅश हे ब्रिटिश पंक बँड समोर बसून शिकत होते अशी दंतकथा आहे. ती खोटी, कारण ते दोघे त्याच रात्री शेफिल्डमध्ये स्वतःच वाजवत होते. क्लॅशचा तर तो पहिलाच कार्यक्रम. मला मात्र ह्या सगळ्यात आवडतो तो मार्क पेरी. बँकेतला एकोणीस वर्षांचा कारकून. ह्या अल्बमने इतका झपाटला की त्याच महिन्यात त्याने घरच्या घरी एक पत्रिका काढली आणि तिला गोंद हुंगण्याच्या त्या गाण्याचंच नाव दिलं. ती लंडनच्या पंकची पत्रिका ठरली. १११वा क्रमांक काढणाऱ्यांच्या यादीत असली माणसं मोजायला रकाना नव्हता.

अमेरिकेत पाच लाख प्रतींचा टप्पा गाठल्याबद्दल अल्बमला 'गोल्ड' हे प्रमाणपत्र मिळालं २०१४च्या एप्रिलमध्ये, अडतीस वर्षांनी. फोटोतल्या चौघांपैकी तेव्हा एकटा टॉमी उरला होता. जुलैमध्ये तोही गेला.

भाच्याला हे सगळं सांगितलं नाही. त्याच्या कानात इअरफोन घातले, पहिलं गाणं लावलं आणि अर्ध्यात उजवा काढून घेतला.

"मामा, गिटार कुठे गेलं?"

मी तो परत दिला नाही. म्हटलं, सहा महिने थांब.