वालोनिया केवढा मुलूख आहे?

"मॅडम, एवढ्याशा मुलखानं कॅनडाला ताटकळत ठेवलं म्हणता. पण केवढा हाय तो मुलूख? आमच्या तालुक्याएवढा, का जिल्ह्याएवढा?"

निपाणीच्या पुढे चिकोडीच्या वाटेवर एक गाव आहे. तिथल्या वाचनालयात शेवटच्या बाकावरून हा प्रश्न आला आणि मला उत्तर देता आलं नाही. २२ वर्षं राज्यशास्त्र शिकवते आहे, बेल्जियममधल्या वालोनिया या प्रदेशाच्या विधिमंडळावर दरवर्षी एक तास घेते, पण तिथे माणसं किती राहतात हे कधी बघितलंच नव्हतं. "पाहून सांगते" म्हणाले. ते गृहस्थ मान हलवून खाली बसले. हा प्रवास मला लिहून ठेवावासा वाटला तो त्या प्रश्नामुळे.

सीमाभागात व्याख्यान द्यायला बोलावणं येणं यासारखा मान नाही, असं मी मनापासून मानते. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात आणि लोक शेतातली कामं आटोपून मांडवात येऊन बसतात. पुण्यात सभागृह भरवायला आम्हाला चार फोन करावे लागतात. या वेळी वाचनालयाने विषय विचारला तेव्हा मी 'युरोपीय महासंघाचं परराष्ट्र धोरण' असं कळवलं. फोनवर क्षणभर शांतता. मग कार्यवाह म्हणाले, "चालतंय की. फक्त सीमेचं नको मॅडम, एवढं बघा." मी हो म्हटलं.

आधी दोन दिवस बेळगावात होते. किल्ल्यातली कमल बस्ती पाहिली, कुंदा घेतला, गणपत गल्लीतल्या गर्दीने जीव नकोसा झाला, बस्स.

निपाणीहून गावाकडे जाणारी कर्नाटकाची लाल बस मात्र लक्षात राहिली. २०२३च्या जूनपासून तिथे बायकांना या बसमधून फुकट प्रवास आहे. कंडक्टर प्रत्येकीचं आधार कार्ड बघत होता आणि शून्य रुपयांचं तिकीट हातात देत होता. माझ्या कार्डावर पुण्याचा पत्ता. त्याने ते परत केलं आणि पूर्ण तिकीट दिलं. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट, तेही राज्याच्या हद्दीपर्यंतच. पैशांचं काही नाही. पण शेजारी बसलेली बाई माझ्याशी मराठीत बोलत होती, मागची तिच्याशी कन्नडात बोलत होती, तिघींच्या मांडीवर तीच मेथीची जुडी होती, आणि तिकीट तेवढं माझं वेगळं. निपाणीतली बरीच पोरं तर कॉलेजला जातात अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात. रोज एक राज्य ओलांडून तासाला बसतात.

वाचनालय म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची शेड. साठसत्तर माणसं. बायका एका बाजूला, पण बऱ्याच. एक तरुण शिक्षक कन्नड घरातला, त्याने आधीच सांगितलं, "मला समजतं, पण सावकाश बोला."

मी सुरुवात साध्या गोष्टीने केली. महासंघातले हे २७ देश व्यापाराची बोलणी करतात तेव्हा टेबलाच्या त्या बाजूला एकच माणूस बसतो, महासंघाचा कारभार चालवणाऱ्या ब्रुसेल्सच्या आयोगाचा. फ्रान्स वेगळा, जर्मनी वेगळा असा भारताशी व्यापार करार करूच शकत नाही. तो अधिकार त्यांनी सामाईक करून टाकला आहे. त्यातले बहुतेक निर्णय बहुमताने होतात: किमान १५ देश हवेत आणि त्यांच्यात महासंघाची ६५ टक्के लोकसंख्या हवी. पण युद्ध, निर्बंध, कुणाचा निषेध करायचा, हे आलं की सगळ्यांची संमती लागते. १९९२ला मास्ट्रिक्टमध्ये करार झाला, सामाईक परराष्ट्र धोरण असा शब्द कागदावर आला, २००९च्या लिस्बन करारानंतर परराष्ट्रमंत्र्यासारखं एक मोठं पद आलं, जगभर १४०हून जास्त ठिकाणी त्यांच्या कचेऱ्या आहेत. सध्या त्या पदावर एस्टोनियाच्या माजी पंतप्रधान काया कल्लास आहेत. तरी त्यांना बोलता येतं ते २७ जणांचं जिथपर्यंत जमलं असेल तिथपर्यंतच.

"म्हणजे सामाईक उतारा," पुढच्या रांगेतून एक आजी म्हणाल्या. "एका भावानं सही न्हाई केली तर रान तसंच पडून."

हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. पुढचं सगळं व्याख्यान मी त्या उताऱ्यावर नेलं.

डिसेंबर २०२३ची गोष्ट सांगितली. युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायची होती. हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान विरोधात. एकमत झाल्याशिवाय ठराव नाही. तेव्हा जर्मनीचे चान्सलर ओलाफ शोल्त्स यांनी त्यांना सुचवलं की तुम्ही जरा बाहेर जा. ओर्बान कॉफीला बाहेर गेले, आत २६ जणांनी निर्णय घेतला. नाही म्हणणारा खोलीत नव्हता, म्हणून एकमत. मात्र त्याच रात्री युक्रेनच्या ५० अब्ज युरोंच्या मदतीला त्यांनी अडवलं आणि ती फेब्रुवारीत मंजूर झाली. लोक हसले, पण लगेच कुणीतरी म्हणालं की सहीच्या वेळी चहाला जाणारा भाऊ तरी बरा, समोर बसून नाही म्हणणारा वाईट. त्यावरून दोघांचं थोडं वाजलं. मी थांबून राहिले. मला ते फार आवडलं.

मग मॅसिडोनिया. हा देश १९९१ला स्वतंत्र झाला आणि शेजारच्या ग्रीसने सांगितलं की हे नाव आमच्या प्रांताचं आहे, तुम्ही लावायचं नाही. सत्तावीस वर्षं भांडण. शेवटी २०१९ला त्यांनी पाट्या बदलल्या, नाव 'उत्तर मॅसिडोनिया' केलं. आता महासंघाचं दार उघडेल असं वाटलं, तर २०२०ला बल्गेरिया आडवा आला: तुमची भाषा ही भाषाच नाही, ती आमच्या भाषेची बोली आहे, हे आधी मान्य करा. एका देशाचं परदेशाशी असलेलं नातं भाषेच्या नावावरून वर्षानुवर्षं अडलं.

शेडमध्ये पंख्याचा आवाज येत होता, दुसरा नाही. मी सीमेचा शब्दही उच्चारला नव्हता. कार्यवाह खाली बघत होते. तो कन्नड शिक्षक वहीत काहीतरी लिहीत होता. वाद व्हायची भीती मला होती, पण तसं काही झालं नाही. लोक फक्त ऐकत होते, घरातल्या गोष्टी ऐकतात तसे.

शेवटी वालोनिया. बेल्जियममध्ये दक्षिणेकडे, म्हणजे वालोनियात, फ्रेंच बोलणारे, उत्तरेकडे डच बोलणारे. बेल्जियमच्या केंद्र सरकारला काही करारांवर सही करायची तर अशा प्रदेशांच्या विधिमंडळांची परवानगी लागते. महासंघ आणि कॅनडा यांचा व्यापार करार २००९पासून चाललेला. तो असा केला होता की देशांच्याही सह्या लागणार. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये वालोनियाच्या विधिमंडळाने नाही म्हटलं. आमच्या शेतकऱ्यांचं काय, परदेशी कंपन्यांनी सरकारवर दावे लावले तर काय, असे त्यांचे प्रश्न. तिथले मुख्यमंत्री पॉल मान्येत हटेनात. कॅनडाच्या मंत्री क्रिस्टिया फ्रीलँड बोलणी सोडून निघाल्या तेव्हा त्यांचा आवाज दाटून आला होता. ठरलेली तारीख टळली, वालोनियाला लेखी हमी मिळाली, मग ३० ऑक्टोबरला सह्या झाल्या.

तेव्हा तो प्रश्न आला.

त्या रात्री कार्यवाहांच्या घरी जेवण. ज्वारीची भाकरी, झुणका, ठेचा, आणि नको म्हटलं तरी ताटात येणारं ताक. आदल्या रात्रीच्या निपाणीतल्या लॉजचा इथे उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही: ओलसर चादर, दाराला कडी नाही, आणि सकाळी आंघोळीच्या पाण्यासाठी तीन मजले उतरून विनवणी. इथे मात्र घरच्या सूनबाईंनी स्वतःची खोली मला दिली. खरं तर मला ते अवघड वाटलं, रात्रभर वाटत राहिलं की ती कुठे झोपली असेल. झोप आली नाही तेव्हा फोनवर आकडे काढले. वालोनिया: साधारण ३७ लाख लोक. बेळगाव जिल्हा, २०११ची जनगणना: ४७ लाख ७९ हजार.

सकाळी विचारत विचारत त्या प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांच्या घरी गेले. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हटलं. मामा चपलांचे कारागीर निघाले. ओट्यावर दगडाच्या पाटावर ओलं कातडं, हातात ते कापायची रापी. उजव्या अंगठ्याच्या नखाखाली काळी रेघ गेलेली, रापी लागून लागून झालेली. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "मामा, तुमचा जिल्हा मोठा आहे. दहाबारा लाखांनी."

त्यांनी रापी खाली ठेवली. "मोठा?"

"मोठा."

"आन् त्यास्नी इच्यारलं जातंय."

यावर मला काही बोलता आलं नाही. त्यांनीच बसायला पाट दिला.

कोल्हापुरी चपलेला २०१९ला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, मिळालं ते दोन राज्यांना मिळून: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. चार इकडचे, चार तिकडचे. सीमेच्या दोन्ही अंगांची इतकी सरळ वाटणी मी दुसरी पाहिलेली नाही. २०२५च्या जूनमध्ये मिलानला एका इटालियन कंपनीने अशीच चप्पल स्वतःची म्हणून मिरवली तेव्हा हे नाव घराघरात पोचलं. मामांनी ती बातमी वाचनालयात वाचली होती. ते म्हणाले, "त्या चपलेला वेणी बरी घातलेली. कान मात्र चुकीच्या जागी."

मी सांगितलं की भारत आणि महासंघाची व्यापाराची बोलणी २००७ला सुरू झाली, २०१३ला थांबली, २०२२च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाली, आणि त्याच वेळी अशा मानांकनांच्या संरक्षणासाठी वेगळी बोलणीही सुरू झाली. त्या टेबलावर त्यांच्याकडून २७ देशांचा एकच माणूस. त्यात इटलीही आली.

"आपल्याकडनं?"

"दिल्ली."

ते कातड्याच्या कडेने बोट फिरवत राहिले. मग विचारलं, "मॅडम, तिकडं आमच्यासारखी गावं हायत का? ह्या मुलखातनं त्या मुलखात टाकलेली?"

कार्यवाहांना दिलेला शब्द मी इथे मोडला, हे कबूल करते. व्याख्यानातून मुद्दाम गाळलेली गोष्ट मामांना सांगितली. बेल्जियमच्या भाषेच्या सीमेवर सहा खेड्यांचा एक पुंजका आहे. डच बोलणारे त्याला फूरेन म्हणतात, फ्रेंच बोलणारे फुरों. १९६३ला ती गावं फ्रेंच भागातल्या लिएज प्रांतातून काढून डच भागातल्या लिंबुर्ग प्रांताला जोडली. लोकांनी आंदोलनं केली. पुढे तिथला मेयर डच बोलायला तयार नव्हता, आणि त्या वादावरून १९८७ला देशाचं सरकार पडलं. त्याच बेल्जियमच्या राजधानीत महासंघाचं मुख्यालय, जिथे जगाशी एका आवाजात कसं बोलायचं हे रोज ठरतं.

"मग आता?"

"आता ती गावं लिंबुर्गमध्येच आहेत. पण फ्रेंच बोलणाऱ्यांना कचेरीत त्यांच्या भाषेत कागद मिळतो. कायद्यानेच."

मामा उठून आत गेले. पत्र्याची एक पेटी घेऊन आले. आतून उतारा काढला, चार घड्या घातलेला, घड्यांवर फाटत आलेला. सगळा कन्नडात. मामांचं शिक्षण मराठी चौथीपर्यंत. नातू कन्नड माध्यमात सातवीला आहे. त्याला हाक मारली. तो जेवता जेवता उठून आला, हात शर्टाला पुसले, उतारा दोन्ही हातांनी धरला आणि वाचायला लागला, एक ओळ कन्नडात आणि लगेच तीच मराठीत. सर्व्हे नंबर, क्षेत्र, मग खातेदारांची नावं. मामांचं नाव आलं तेव्हा त्याने वर बघितलं. मामा म्हणाले, "फुडं वाच."

पाच भावांची नावं होती. त्यातले दोघे आता नाहीत.

वाचून झाल्यावर मामांनी मला त्या गावांचं नाव लिहून द्यायला सांगितलं. माझ्याकडे बसचं तिकीट होतं, त्याच्या मागे लिहिलं: फूरेन / फुरों. नातवाने पेन मागून घेतलं, माझ्या अक्षरांखाली दोन्ही शब्द कन्नडात लिहिले आणि बरोबर आलेत का म्हणून मला विचारलं. मला कन्नड वाचता येत नाही. त्याने मग मोठ्याने वाचून दाखवले. बरोबर होते. मामांनी तिकीट उताऱ्याच्या घडीत ठेवलं आणि पेटी आत नेली.