सेठनचा स्की टूरिंग वीकेंड: नाशिक ग्रुपचा मार्च अपडेट

मंडळी, सेठनची ट्रिप कशी झाली असं बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सविस्तर टाकतोय. यंदा रंगपंचमीला नाशिकच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारायला आम्ही नव्हतो, मनालीच्या वर सेठनला होतो, पाठीवर टेंट आणि पायात स्की. नवीन लोकांसाठी थोडक्यात, स्की टूरिंगमध्ये लिफ्ट नाही की गोंडोला नाही, स्कीच्या तळाला स्किन म्हणजे केसाळ पट्टी चिकटवायची, तिचे केस एका दिशेने असतात त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही, टाच मोकळी ठेवून चढायचं आणि वर पोचलं की स्किन काढून, टाच लॉक करून खाली यायचं.

चढाचं म्हणाल तर सह्याद्रीने आपल्याला छान तयार केलंय. हिवाळाभर पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या, रविवारी अंजनेरी नाहीतर ब्रह्मगिरी, मधेच सॅकमध्ये पाण्याचे कॅन भरून बारी गावातून कळसूबाई, हे सगळं तिथे पहिल्याच तासात कामी आलं. गाइड म्हणाला तासाला 300 मीटर उंची घेतलीत तरी पुष्कळ, आणि तेवढी आम्ही गप्पा मारत घेतली. फक्त उंचीला हलक्यात घेऊ नका, कळसूबाईचं टोक 1646 मीटर आणि सेठन गावच साधारण 2700, त्यामुळे नाशिकरोडहून दिल्ली, पुढे रात्रीची बस, आणि एवढं करून लगेच वर पळायचं नाही. आम्ही एक रात्र गावात काढली, डोकं कुणाचंच दुखलं नाही.

या वेळी जे खरं शिकायला मिळालं ते म्हणजे बर्फाची वेळ. मार्चमध्ये रात्री आभाळ मोकळं असेल तर बर्फाचा वरचा थर उष्णता सोडून देतो आणि कडक गोठतो, सकाळच्या उन्हाने त्याचे वरचे दोन-तीन सेंटिमीटर सुटे होतात, नीट भिजलेल्या साबुदाण्यासारखा दाणा न दाणा मोकळा, याला कॉर्न म्हणतात आणि यावरून उतरायला जी मजा येते ना, त्यासाठी मी परत परत जाईन. त्याच्या आधी उतरलात तर स्कीची कड (एज) पकडत नाही, उशीर झाला तर पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि ओला ॲव्हलांच (हिमस्खलन) सुटायची भीती वेगळीच. पूर्वेचा उतार आधी मऊ होतो, मग दक्षिणेचा, पश्चिमेचा सगळ्यात शेवटी, म्हणजे रूट ठरवतानाच ऊन कुठे कधी येणार हे बघायचं.

आम्ही साडेतीनला उठून पाचला हेडलॅम्पवर निघालो. वर पोचल्यावर गाइड काही घाई करेना. दर थोड्या वेळाने पोल (हातातली काठी) उलटा करून मुठीकडची बाजू बर्फावर दाबून बघायचा. साडेनऊला टक्क आवाज, काही हलेना. दहाला पाच कमी असताना मूठ बोटाच्या एका पेराएवढी आत गेली, तो म्हणाला चलो, आणि पुढची काही मिनिटं कुणी कुणाशी बोललं नाही, फक्त वळणं. आमच्यातल्या सातपूरवाल्याला अजून एक फेरी मारायची होती, गाइडने सरळ नाही म्हटलं, आणि बाराच्या सुमारास समोरच्या उतारावरून बर्फाची चाकं आपोआप गडगडत खाली येताना दिसली तेव्हा सगळ्यांना कळलं का नाही ते.

ॲव्हलांच जास्त करून 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात, त्यामुळे मोबाइलवर उतार मोजायची सवय लावा आणि डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संस्थेचं ॲव्हलांच बुलेटिन निघायच्या आधी बघा. बीकन (सिग्नल देणारं आणि गाडलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाकडे हवंच, आणि नुसतं असून उपयोग नाही. गाडला गेलेला माणूस वाचायचा तर पहिली दहा-पंधरा मिनिटं महत्त्वाची, तेवढ्यात बाहेरून मदत येत नाही, शोधायचं आपणच. आम्ही गंगापूर धरणाच्या काठी मातीत बीकन पुरून शोधायची प्रॅक्टिस केली होती, शेवटच्या टप्प्यात बीकन अगदी जमिनीलगत धरायचा आणि प्रोब 25 सेंटिमीटरच्या अंतराने गोल गोल वाढवत न्यायचा, हे हाताला बसलेलं असलं पाहिजे.

कॅम्पचं थोडं. बर्फात टेंटच्या खुंट्या धरत नाहीत, पिशव्यांत बर्फ भरून, दोरी बांधून पुरायच्या आणि वरून पायाने तुडवायचं, थोड्या वेळात घट्ट बसतं. गॅसचा कॅनिस्टर विमानात चालत नाही, मनालीतच घ्या, आणि रात्री स्लीपिंग बॅगेत ठेवा कारण शून्याच्या आसपास ब्युटेनचा वायू होईनासा होतो. बुटांचे लायनरपण (आतले मऊ बूट) बॅगेतच. पाण्यासाठी बर्फ वितळवताना पातेल्यात आधी थोडं पाणी हवं, नुसता बर्फ ठेवला की करपट वास लागतो. जेवण मऊ भात, मेतकूट आणि वर तूप, त्या थंडीत याहून चांगलं काही नाही.

आता पुढचं काम किक टर्न. तीव्र चढावर झिगझॅग जाताना जागच्या जागी एक स्की पूर्ण उलट फिरवायची आणि दुसरी मागून काढायची, पाठीवर सॅक असताना तोल तिथेच जातो. इंदिरानगरची मैत्रीण भरतनाट्यम शिकलेली, तिचा टर्न सगळ्यात सुरेख होता, कंबर मोकळी आणि नजर स्थिर. त्यामुळे आता दर शनिवारी तिच्या गच्चीवर सराव ठरलाय, स्कीऐवजी पायाला लाकडी पट्ट्या बांधून. कुणाला यायचं असेल तर कळवा, आणि पुढच्या सीझनला यायचा विचार असेल तर आत्ताच पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून ठेवा, स्कीचे बूट त्याच मापाने मिळतात आणि रेंटलला मोठे साइज लवकर संपतात.