भावाचा एकच चौकोन

आमच्या पेपरने बातमीदारांसाठी नवं अ‍ॅप आणलं. ट्रेनिंग दहा मिनिटांत आटोपलं. "काका, लहान पोरालाही जमेल," शिकवणारा मुलगा म्हणाला. खरंच जमतं. तीच तर पंचाईत आहे.

बाजार समितीच्या फळ्यावर कांद्याची आवक क्विंटलमध्ये लिहिलेली असते, आणि पुढे तीन दर: किमान, कमाल, सर्वसाधारण. लाल कांद्याचे वेगळे, उन्हाळचे वेगळे. कमाल दर मिळतो एखाद्याच वक्कलाला, म्हणजे लिलावातल्या एखाद्याच ढिगाला. घरी बसलेला शेतकरी माल काढायचा की नाही ते ठरवतो सर्वसाधारण दरावरून. अ‍ॅपमध्ये मात्र 'भाव' नावाचा एकच चौकोन. मी सर्वसाधारण भरला, तर डेस्कवरून फोन, "मोठा आकडा टाका, हेडिंग होतं." टाकला. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर घेऊन आलेल्या एकानं मला लिलावातच गाठलं. "भाऊ, तुमच्या पेपरातला भाव कुठं मिळतो, तेवढं दाखवा." मान वर करवेना.

फॅक्सच्या काळात तक्ता हातानं आखायचो. रेघा वाकड्या यायच्या, पण सगळे रकाने पोचायचे. (फॅक्सचा कागद काही महिन्यांत कोरा पडायचा, हा भाग वेगळा.)

आता पळवाट काढलीय. 'इतर माहिती'त आवक आणि तिन्ही दर कोंबतो. मर्यादा 60 शब्दांची. कांदा बसतो. सोयाबीन, तूर आली की शब्द संपतात.