मेक्सिकोतल्या मालगाड्या आणि भाड्यानं दिलेले रूळ

इथं आल्यापासून घरच्यांचा आणि मित्रांचा एक प्रश्न ठरलेला, वीकेंडला ट्रेननं मस्त फिरत असशील ना. अरे बाबांनो, हे मेक्सिको आहे. इथं रूळ २६ हजार किलोमीटरच्या वर आहेत, मी राहतो त्या केरेतारो शहरातून तर दोन बड्या कंपन्यांच्या लाईन्स जातात, रात्री हॉर्ननं झोपेचं खोबरं होतं, पण बसायचं कशात? खिडक्या असलेला डबा दिसणं मुश्किल. चिवावाहून पॅसिफिककडे जाणारी चेपे नावाची गाडी (ती पण जास्त करून टुरिस्ट लोकांची), मेक्सिको सिटीच्या आसपासच्या लोकल, आणि दक्षिणेत सरकारनं अलीकडे काढलेल्या एकदोन गाड्या, संपलं. बाकी इथली रेल्वे म्हणजे मालगाडी. ऑफिसमधली तिशीतली पोरं आयुष्यात ट्रेनमध्ये बसलेली नाहीत, आणि पन्नाशीच्या पुढचे मात्र रात्रीच्या गाडीनं अमेरिकेच्या सीमेवरच्या नुएवो लारेदोला कसे जायचो ते रंगवून सांगतात.

मी एका ऑटो पार्ट्सच्या प्लांटमध्ये मटेरियल प्लॅनिंग बघतो, त्यामुळे मालगाडी हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. आणि बघायलाही आवडते, खोटं कशाला बोलू. बऱ्याच ठिकाणी फाटक नसतंच, फुली मारलेली एक पाटी आणि इंजिनचा हॉर्न, एवढ्यावर कारभार. आधी तीनचार डिझेल इंजिनं जातात, मग कार वाहणारे उंच बंदिस्त वॅगन्स, आत दोन किंवा तीन मजल्यांवर नव्या कोऱ्या गाड्या, मग अमेरिकेतून मका आणणारे हॉपर (वरून भरायचे, खालून रिकामे करायचे वॅगन), मग टँकर, मग एकावर एक ठेवलेले कंटेनर, आणि संपली संपली म्हणावं तर मध्येच अजून एक इंजिन, त्यात माणूस नाही, पुढचा ड्रायव्हर ते रेडिओवरून चालवतो. शेवटी गार्डचा डबा नाही. शेवटच्या वॅगनच्या कपलिंगला एक छोटा डबा लटकवलेला असतो, त्यावर लाल दिवा लुकलुकत असतो आणि ब्रेक पाइपमधलं प्रेशर किती आहे ते तो पुढं इंजिनला कळवत राहतो. गाडी मध्येच थांबली तर शाळेतली पोरं दप्तरासकट दोन वॅगनच्या मधून चढून पलीकडे जातात, बघूनच पोटात गोळा येतो.

तर हे सगळं चालवतं कोण? रूळ आणि त्याखालची जमीन देशाची, पण गाड्या, सिग्नल, देखभाल, भाडं ठरवणं हे सगळं कन्सेशनवर, म्हणजे ठराविक वर्षांच्या सरकारी करारावर, खाजगी कंपन्यांकडे. आधी असं नव्हतं. १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी रेल्वेचं राष्ट्रीयीकरण केलं, पुढच्या वर्षी तर त्यांनी ती चालवायला थेट कामगारांच्याच हातात दिली होती, ते दोनेक वर्षंच टिकलं. मग कित्येक दशकं सरकारी रेल्वे, तिचा तोटा, जुनी इंजिनं, वेळेचा पत्ता नाही, आणि माल हळूहळू ट्रककडे गेला. १९९४ च्या डिसेंबरात पेसो कोसळला, सरकारच्या तिजोरीत खडखडाट, आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष एर्नेस्तो सेदियो यांच्या सरकारनं १९९५ मध्ये राज्यघटनेचं २८ वं कलम बदलून रेल्वेचा दरवाजा खाजगी कंपन्यांना उघडला. (हेच सेदियो पद सोडल्यावर युनियन पॅसिफिक या अमेरिकन रेल्वे कंपनीच्या संचालक मंडळावर गेले, आणि ती कंपनी फेरोमेक्स या इथल्या बड्या रेल्वे कंपनीत २६ टक्क्यांची भागीदार. इथले लोक हे अजून विसरलेले नाहीत.)

विक्री अख्ख्या रेल्वेची एकगठ्ठा झाली नाही, तुकडे पाडून झाली. ईशान्येचा तुकडा, म्हणजे मेक्सिको सिटी ते अमेरिकेच्या सीमेवरचं नुएवो लारेदो, हा सगळ्यात मलईदार, तो सुमारे १.४ अब्ज डॉलरला गेला, त्यात कॅन्सस सिटी सदर्न ही अमेरिकन कंपनी होती. पश्चिम आणि उत्तरेचा मोठा पसारा फेरोमेक्सला, दक्षिणपूर्वेचा फेरोसुरला. कन्सेशन ५० वर्षांचं, त्यातली पहिली ३० वर्षं त्या लाईनवर दुसरं कुणी येणार नाही अशी हमी. मेक्सिको सिटीचं टर्मिनल मात्र सामाईक ठेवलं, फेरोव्हाये नावाची कंपनी काढून तिघांना २५-२५ टक्के आणि उरलेले २५ सरकारला. कागदावर झकास. पण २००५ मध्ये फेरोमेक्सवाल्या ग्रुपनं फेरोसुर घेतली, स्पर्धा आयोगानं खोडा घातला, प्रकरण कोर्टकचेऱ्यांत फिरलं आणि २०११ मध्ये एकदाचं मार्गी लागलं. म्हणजे आता तीनाचे खरे दोनच उरलेत, आणि त्या टर्मिनलचा अर्धा भाग एकाच ग्रुपकडे आहे.

मला यातला सगळ्यात इंटरेस्टिंग भाग वाटतो तो देरेचोस दे पासो, म्हणजे दुसऱ्याच्या रुळावरून आपली गाडी न्यायचा हक्क. देश तुकड्यांत वाटला की काही ठिकाणी तुमची गाडी शेजाऱ्याच्या अंगणातून न्यावीच लागते. हे कन्सेशनमध्ये लिहिलं होतं, पण किती पैसे द्यायचे ते दोघांनी बसून ठरवा, नाही जमलं तर सरकार ठरवेल, असं. झालं, नाहीच जमलं. दोन मोठ्या कंपन्या १९९८ पासून जवळपास बारा वर्षं एकमेकींवर दावे ठोकत होत्या, २०१० मध्ये समझोता झाला. रेल्वे खाजगी हवी की सरकारी यावर इथं आणि आपल्याकडेही लोक तासन्‌तास भांडतात, मला आता वाटतं की ते सगळं दुय्यम आहे, करारात शेजाऱ्याच्या गाडीचं भाडं नीट लिहिलंय का ते आधी बघा.

आणि कंपनी निघून गेली तर? तेही इथं होऊन गेलंय. दक्षिणेतल्या चियापास आणि युकातानकडच्या लाईन्स एका अमेरिकन कंपनीकडे होत्या, माल तसाही कमी, त्यात २००५ च्या ऑक्टोबरात स्टॅन चक्रीवादळानं ग्वातेमालाच्या सीमेकडचे पूलच्या पूल वाहून नेले. दुरुस्तीचे पैसे कुणी घालायचे यावर दोन वर्षं काढून २००७ मध्ये कंपनीनं गाशा गुंडाळला. याचा फटका कुणाला बसला माहितीये? मध्य अमेरिकेतून मालगाड्यांच्या टपावर बसून उत्तरेला जाणाऱ्या स्थलांतरितांना, म्हणजे ज्यांनी कधी एक पेसो भाडं दिलं नाही त्यांना. त्या गाडीला ला बेस्तिया म्हणतात, जनावर. लाईन बंद पडल्यावर ही माणसं सीमेपासून आरियागापर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास पायी चालायची आणि तिथं गाडी पकडायची. वेराक्रूझमध्ये ला पात्रोना म्हणून गाव आहे, तिथल्या बायका १९९५ पासून चालत्या गाडीतल्या या लोकांकडे भाताच्या पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या फेकतात. गाडी थांबत नाही, त्यामुळे रुळाला खेटून हात लांब करून उभं राहायचं आणि वरच्यानं ती झडप घालून घ्यायची. २०२३ च्या सप्टेंबरात टपावरची गर्दी आणि अपघात इतके वाढले की फेरोमेक्सनं ६० गाड्या थांबवल्या होत्या.

इथली अजून एक गोष्ट आपल्याकडच्या रेल्वेवेड्यांना सहन होणार नाही. मेक्सिको सिटी ते केरेतारो ही लाईन दुहेरी आणि इलेक्ट्रिक होती, २५ हजार व्होल्टची, १९९४ मध्ये सुरू झालेली. खाजगीकरण झालं आणि तारा उतरवल्या. कंपनीचं गणित सरळ होतं, सीमेपासून डिझेल इंजिन लावून गाडी येते, मधल्या एवढ्याशा तुकड्यासाठी इंजिन कशाला बदला, शिवाय कंटेनर एकावर एक ठेवायचे तर वर जागा पाहिजे. धंद्याच्या हिशोबानं बरोबर असेलही, पण नवी कोरी तार उतरवायची म्हणजे जीवावर येतं राव.

आता न्यायानं बोलायचं तर माल वाहण्यात या लोकांचा हात धरणं अवघड आहे. सिलाओ, अग्वासकालियेन्तेस, सान लुइस पोतोसी इथल्या फॅक्टऱ्यांतल्या कार याच रुळांवरून अमेरिकेला जातात, आणि रेल्वे सुधारली नसती तर बाहिओ, म्हणजे या मधल्या भागात एवढे प्लांट आले असते असं मला तरी वाटत नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये कॅनेडियन पॅसिफिक आणि कॅन्सस सिटी सदर्न एक झाल्या आणि कॅनडा, अमेरिका, मेक्सिको तिन्ही देशांत पसरलेली एकच रेल्वे तयार झाली. पण एवढा मोठा पसारा कुठंतरी एका जागी अडला की सगळंच अडतं. २०१९ च्या सुरुवातीला मिचोआकानमध्ये थकलेल्या पगारासाठी शिक्षक रुळांवर बसले, जवळजवळ महिनाभर लासारो कार्देनास (हो, त्याच राष्ट्राध्यक्षांच्या नावाचं) बंदराचा माल अडकला. २०२३ च्या डिसेंबरात अमेरिकेनं स्थलांतरितांचं कारण देऊन सीमेवरचे ईगल पास आणि एल पासोचे रेल्वे पूल पाच दिवस बंद ठेवले. अशा वेळी आमच्यासारख्या प्लॅनिंगवाल्यांना जेवण गोड लागत नाही, मग मिळेल त्या भावात ट्रक शोधा.

सरकारनंही आता लगाम आवळलाय. २०२३ च्या मे महिन्यात कोआत्साकोआल्कोसकडचे फेरोसुरचे काही तुकडे नौदलानं येऊन ताब्यात घेतले, हो नौदलानं, कारण पॅसिफिक ते अटलांटिक जोडणारी इस्थमसची, म्हणजे देशाच्या चिंचोळ्या पट्ट्यातली लाईन त्यांच्याकडे आहे. मग त्याच वर्षी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांनी फर्मान काढलं की कन्सेशनवाल्यांनी प्रवासी गाड्या चालवाव्यात, नसतील चालवायच्या तर आम्ही चालवू, आणि २०२४ मध्ये तेच २८ वं कलम पुन्हा बदललं.

त्यातूनच मेक्सिको सिटी ते केरेतारो प्रवासी गाडीचं काम २०२५ च्या एप्रिलमध्ये सुरू झालं, लष्कराचे इंजिनियर बांधतायत. मालगाडीच्या रुळांवरून ती जाणार नाही, तिच्याच पट्ट्यात शेजारी वेगळे दोन रूळ टाकायचे असं ठरलंय. शहरात मात्र जागा अरुंद, घरं रुळाला चिकटलेली, त्यामुळे कुणाचं घर जाणार, कुठं पूल होणार यावर रोज वाद. माझ्या घरमालकीणबाईंना यातल्या कशाशी देणंघेणं नाही. त्या फक्त विचारत असतात की तिकीट बसपेक्षा स्वस्त असेल ना, आणि ज्येष्ठांना निम्मं लागेल ना.